अपडेटनंतर बिघडलेला कलर टॅबलेट आणि ‘डोळे तपासून घ्या’ हे तुमचं उत्तर

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: वाचनासाठीच्या, कागदासारखा पडदा असलेल्या कलर ई-इंक टॅबलेटवर मागच्या पानाचे रंगीत ठसे राहणे, पाच तक्रारी, आणि त्या पाचही मला न विचारता बंद करणे.

तुमच्या कस्टमर केअरचा फोन ठेवून अर्धा तासही झालेला नाही. हा पाचवा फोन होता. यापुढे फोन करणार नाही, म्हणून लिहिते आहे. तक्रारींचे क्रमांक, पावती, सीरियल नंबर आणि १४ फोटो तुमच्याकडे आहेत. चार वेळा पाठवून झालेत, पाचव्यांदा जोडत नाही.

दोष एवढाच आहे: गेल्या महिन्यातलं अपडेट आल्यापासून पान उलटलं की आधीच्या पानावरचं रंगीत हायलाइट नव्या पानावर तसंच राहतं. सगळा पडदा पुसून पान नव्याने उमटवणारा पूर्ण रिफ्रेश दिला, पडदा दोनदा काळा-पांढरा झाला, तरी ते जात नाही. फिकट होतं, पण जात नाही.

याने काय होतं ते कालचंच सांगते. मी भूगोल शिकवते. वाचताना तीन रंग वापरते. वर्गात सांगायचं ते पिवळ्यात, नकाशावर शोधायचं ते निळ्यात आणि लेखकाचं म्हणणं जिथे पटत नाही किंवा पडताळून पाहायचं आहे तिथे लाल. काल रात्री नद्यांच्या गाळाबद्दलचं एक प्रकरण वाचत होते. पान उलटलं, आणि वरून सातव्या ओळीवर फिकट गुलाबी पट्टा. मी थांबले. या वाक्यावर आपण शंका कधी घेतली? वाक्य पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा वाचलं. त्यात शंका घ्यावी असं काहीच नव्हतं. मागचं पान काढलं तेव्हा कळलं, तिथे बरोबर त्याच उंचीवर माझी लाल खूण होती. म्हणजे मी न केलेली खूण तुमचं यंत्र मला दाखवत होतं, आणि मी निर्दोष वाक्यात चूक शोधत बसले होते. हे रोज होतं. एका प्रकरणात पाच-सहा वेळा होतं. आता प्रत्येक रंगीत ओळ दिसली की ती माझी की मागच्या पानाची, हे बघायला पान मागे-पुढे करावं लागतं. याला वाचन म्हणत नाहीत.

तुमच्या प्रत्येक प्रतिनिधीचं पहिलं वाक्य ठरलेलं आहे: “मॅडम, कलर ई-इंक असंच असतं.” म्हणून हे आधी स्पष्ट करते. कलर ई-इंक कसं असतं ते मला माहीत आहे. घेण्यापूर्वी दोन महिने वाचून, समजून घेतलं होतं. कॅलिडो ३ नावाचं रंगीत ई-इंक पॅनल काळ्या-पांढऱ्या मजकुराला ३०० पीपीआय (एका इंचात ३०० ठिपके) देतं आणि रंगाला १५०, कारण खाली तेच काळं-पांढरं पॅनल असतं आणि वर लाल, हिरव्या, निळ्या रंगांच्या गाळणीचा थर. करड्याच्या १६ छटा, तीन रंग, म्हणून १६ × १६ × १६, एकूण ४०९६ रंग. ती गाळणी थोडा प्रकाश खाते, म्हणून पान कागदासारखं पांढरं न दिसता राखट दिसतं आणि घरात फ्रंटलाइट (पडद्यावर समोरून पडणारा उजेड) जास्त ठेवावा लागतो. यातल्या एकाही गोष्टीबद्दल मी तुमच्याकडे कधी तक्रार केलेली नाही. समोच्च रेषांच्या (समान उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषांच्या) दाट नकाशात तपकिरी रेषा एकमेकींत मिसळतात, तेही चालवून घेतलं. नकाशा मोठा करून बघते. नाइलाज आहे तिथे मी भांडत नाही.

उलट हे यंत्र मला मनापासून आवडलं होतं. संध्याकाळपर्यंत संगणकापुढे बसून माझे डोळे कोरडे होऊन चुरचुरतात. रात्री चकाकत्या पडद्यावर दहा पानंसुद्धा होत नाहीत. या टॅबलेटवर तास-दीड तास सहज वाचून व्हायचा. आणि सकाळी खिडकीपाशी ऊन येतं, तेव्हा फ्रंटलाइट बंद करून नकाशा उघडला की रंग हळूहळू वर यायचे. मोबाईलचा पडदा उन्हात मरतो, हा उन्हात जिवंत व्हायचा. नदीचा निळा, मैदानाचा हिरवा, पठाराचा पिवळसर. भडक नाहीत, जुन्या छापील नकाशातल्या रंगांसारखे शांत. अकरा महिने मी रोज हे अनुभवलं आहे. माझ्या सहा सहकाऱ्यांना शाळेत नेऊन दाखवलं. तुमची जाहिरात मी पैसे न घेता केली, कारण वस्तू खरंच चांगली होती.

म्हणूनच ‘असंच असतं’ हे उत्तर मला मान्य नाही. अकरा महिने असं नव्हतं. पॅनल तेच आहे, काच तीच आहे, वाचणारी मीही तीच आहे. बदललं ते फक्त तुमचं सॉफ्टवेअर. ठसा अजिबात राहत नाही असं मी म्हणत नाही. पूर्वीही पाच-सात पानांनंतर पुसटसा राहायचा, पण एका रिफ्रेशमध्ये साफ व्हायचा. पूर्वी प्रत्येक पुस्तकाला वेगळा रिफ्रेश ठरवता यायचा. कादंबरीला जलद, नकाशाला आणि हायलाइट केलेल्या पुस्तकाला दर पानाला पूर्ण. ती सोय तुम्ही या अपडेटमध्ये काढून टाकलीत आणि सगळ्याला एकच मोड लावलात. का काढलीत, हे विचारल्यावर पाचपैकी दोघांना अशी सोय होती हेच माहीत नव्हतं.

पडद्यातले काळे-पांढरे कण किती विद्युतदाबाने, किती वेळ आणि कोणत्या क्रमाने हलवायचे हे वेव्हफॉर्म, म्हणजे सॉफ्टवेअरमधला विजेच्या स्पंदांचा नमुना, ठरवतं. थंडीत कण सावकाश हलतात म्हणून तापमान बघून वेगळं वेव्हफॉर्म निवडावं लागतं. हे तुमच्या अभियंत्यांना मी सांगायची गरज नाही. मला एवढंच विचारायचं आहे की या अपडेटमध्ये वेव्हफॉर्म बदललेत का? हो किंवा नाही. हा प्रश्न मी तिसऱ्या तक्रारीत लेखी विचारला होता. उत्तर आलं: “कृपया यंत्र बंद करून पुन्हा सुरू करा.”

बंद करून सुरू केलं. एकूण नऊ वेळा. मग फॅक्टरी रीसेट करायला सांगितलंत. त्यावर मी विचारलं होतं, माझ्या खुणांचं काय? तुमच्या प्रतिनिधीचे शब्द असे होते: “मॅडम, सगळं क्लाउडवर आहे, जसंच्या तसं परत येईल.” जसंच्या तसं आलं नाही. जुन्या खुणा आल्या, पण सगळ्या पिवळ्या. लाल, निळ्या, सगळ्या पिवळ्या. अकरा महिन्यांत तीन रंगांत लावलेलं वाचन एका रात्रीत एका रंगाचं झालं. कुठे मला शंका होती आणि कुठे काय शोधायचं होतं, हे आता मलाच सांगता येत नाही. रंगासाठी घेतलेल्या टॅबलेटवर रंगच गेले. आणि रीसेट करून ठसे? ठसे होते तसेच आहेत.

आता आजच्या फोनबद्दल. तो तुमच्याकडे रेकॉर्ड झालेला आहे, सुरुवातीलाच तशी सूचना ऐकवता. तो काढून ऐका. बावीस मिनिटं थांबल्यावर एक मुलगा बोलायला आला. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं, पाचव्यांदा. तो म्हणाला, फोटो पाठवा. मी म्हटलं, चौदा आहेत, तुमच्या समोरच्या तक्रारीतच आहेत. थोडा वेळ गेला. मग म्हणाला, “हो मॅडम, फोटोत पट्टा दिसतोय. पण तो कॅमेऱ्याचा दोष असू शकतो.” मी म्हटलं, अहो, कॅमेऱ्याशिवाय नुसत्या डोळ्यांनीही मला तोच पट्टा दिसतो, त्याच ओळीवर. त्यावर तो म्हणाला, “मॅडम, आपलं वय विचारू शकतो का?”

मी विचारलं, कशासाठी?

“नाही, म्हणजे, अलीकडे डोळे तपासून घेतलेत का? कधीकधी चष्म्याचा नंबर वाढला की असं दुहेरी दिसतं.”

मी काही बोलू शकले नाही. तेवढ्यात तोच पुढे म्हणाला, “आणि रंगच हवे असतील तर साधा टॅबलेट जास्त चांगला पडतो, मॅडम. हा मुख्यतः वाचनासाठी आहे.”

मी वाचनाबद्दलच बोलत होते. पंचवीस मिनिटं फक्त वाचनाबद्दल बोलत होते. ज्या डोळ्यांना त्रास होतो म्हणून मी हे यंत्र घेतलं, तेच डोळे खोटे ठरवलेत. आधी कॅमेरा खोटा, मग डोळे खोटे. तुमचं सॉफ्टवेअर तेवढं खरं. दोन वेगवेगळ्या गोष्टींना एकाच ओळीवर एकच पट्टा दिसत असेल तर तो तिथे आहे, हे माझ्या आठवीतल्या मुलांनाही पटेल.

मी त्याला म्हटलं, तुमच्या वरिष्ठांशी बोलायचं आहे. तो म्हणाला, ते मीटिंगमध्ये आहेत, आणि ही तक्रार माझ्याकडून पूर्ण झालेली आहे. मी म्हटलं, माझ्याकडून झालेली नाही. फोन कट झाला आणि मिनिटभरात संदेश आला: “आपल्या समस्येचं निराकरण झालं आहे. आमच्या सेवेला पाचपैकी किती गुण द्याल?”

तो मुलगा उद्धट बोलला नाही. समोर लिहिलेलं वाचत होता, हे आवाजावरून कळत होतं. मधेच ओळ चुकली की थांबायचा. त्याच्या नोकरीवर आच यावी असं मला मुळीच वाटत नाही. ‘डोळे तपासून घ्या’ हे वाक्य त्याच्या समोर ज्यांनी लिहून ठेवलं, त्यांच्यासाठी हे पत्र आहे.

अजून एक. अपडेटनंतर रात्री झाकण लावून ठेवलेला टॅबलेट सकाळी १५ ते २० टक्के उतरलेला असतो. ई-इंकवर स्थिर चित्र नुसतं धरून ठेवायला वीज लागत नाही, मग रात्रभर आत काय चालू असतं? वायफाय बंद ठेवून पाहिलं, तरी तेच. हे दुसऱ्या तक्रारीत आहे. त्यावर उत्तरच आलेलं नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत. मला अपडेटच्या आधीचं सॉफ्टवेअर परत टाकून द्या. ते शक्य नसेल तर पुस्तकागणिक रिफ्रेश ठरवायची सोय परत द्या आणि कधी देणार ती तारीख लेखी कळवा. तेही जमत नसेल तर यंत्र परत घ्या आणि पूर्ण रक्कम द्या. ‘वापरलेलं यंत्र’ म्हणून रक्कम कापायची भाषा चौथ्या फोनवर झाली होती. ती मी ऐकून घेणार नाही. यंत्र वॉरंटीत आहे, पहिली तक्रार वॉरंटीत आहे, आणि ते माझ्या वापराने बिघडलेलं नाही, तुम्ही पाठवलेल्या अपडेटने बिघडलं आहे. तो अपडेट नाकारायचा पर्यायही मला दिला नव्हता. रात्री यंत्र चार्जिंगला लावलं, सकाळी ते बदललेलं होतं. माझ्या खुणांचे रंग तुमच्या सर्व्हरवर कुठे जुन्या प्रतीत शिल्लक असतील तर तेही शोधा. पैशांपेक्षा मला त्याचं जास्त वाईट वाटतं.

पंधरा दिवस वाट पाहीन. त्यानंतर ग्राहक न्यायालयात जाईन. पाचही फोनच्या वेळा, प्रतिनिधींनी सांगितलेली नावं आणि प्रत्येकाचं उत्तर माझ्याकडे वहीत लिहिलेलं आहे. त्या सहा सहकाऱ्यांपैकी दोघी तुमचाच टॅबलेट घेणार होत्या. आज दुपारी मी दोघींना थांबायला सांगितलं. मला ते सांगताना आनंद झाला नाही. अकरा महिने ज्या वस्तूचं कौतुक केलं तिच्याबद्दल ‘घेऊ नका’ म्हणावं लागलं.

उत्तर लेखी हवं, आणि ते अशा माणसाकडून हवं ज्याने या टॅबलेटवर स्वतः एखादं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलेलं आहे. फोन करू नका. आणि बाकी काही करण्याआधी त्या पाच तक्रारींवरचा ‘निराकरण झालं’ हा शेरा काढा.

आपली,
एक ग्राहक