गणपतीला का येत नाहीये

ऑस्टिन, टेक्सस

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

यंदा गणपतीला माझं येणं होणार नाही. डिसेंबरचं तिकीट काढलंय. पण फोनवर आईचा आवाज एकदम बदलला, म्हणून नीट लिहून कळवतेय.

आई, तू विचारलंस, "आता पुन्हा कसली परीक्षा?" परीक्षा नाही गं. प्रबंधासाठी मला मूडी रिसर्च ग्रँट मिळालीय. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होते ना, त्या लिंडन जॉन्सन यांच्या नावाच्या इथल्या ग्रंथालयात येऊन त्यांच्या काळातले कागद वाचायचे, त्याचा प्रवासखर्च आणि राहण्याचा खर्च त्यातून निघतो. एनएसएफची, म्हणजे इथल्या सरकारी विज्ञान संस्थेची, मोठी फेलोशिप अमेरिकेच्या नागरिकांना आणि ग्रीनकार्डवाल्यांनाच मिळते, त्यामुळे मला असे छोटे निधी शोधत फिरावं लागतं. गेल्या वर्षी दोन ठिकाणी नकार आला होता. तुम्ही काळजी कराल म्हणून बोलले नाही.

माझा विषय अमेरिकेचा १९६५ चा इमिग्रेशन कायदा, म्हणजे बाहेरच्या कुणी इथे येऊन स्थायिक व्हायचं ते ठरवणारा. त्याआधी भारताच्या वाट्याला वर्षाला जेमतेम १०० जणांचा कोटा होता. हा कायदा इथल्या संसदेच्या ज्या उपसमितीतून पुढे जायचा, तिचे अध्यक्ष मायकेल फिगन. इथे असलेल्यांच्या नातलगांना अग्रक्रम द्या, हा आग्रह त्यांनी धरला. हिशेब असा की इथे युरोपातले लोक जास्त, म्हणजे येतील तेही त्यांचेच भाऊबंद. झालं भलतंच! आत्याचे यजमान डॉक्टर म्हणून गेले, त्यांनी धाकट्या भावाला बोलावलं, भावाच्या बायकोनं पुढे आपल्या बहिणीला. आपल्या घरातली ही साखळी त्या एका कलमातून आलीय. ते कलम कुणी, कधी, कशाच्या बदल्यात मान्य केलं, हे मला कागदावर बघायचंय. फिगन यांचे कागद प्रिन्स्टनला आहेत, म्हणून ऑगस्टमध्ये तिकडे जायचंय.

बाबा, इथे तुमची फार आठवण येते. ग्रंथालयाच्या मोठ्या दालनात उभं राहून वर पाहिलं, की काचेमागे मजल्यांवर मजले लाल खोकी दिसतात, प्रत्येकावर सोनेरी शिक्का. साडेचार कोटी पानं आहेत म्हणे! मला तहसीलची तुमची रेकॉर्ड रूम आठवली, लाल फडक्यात बांधलेली दप्तरं आणि तो धुळीचा वास. इथे पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. एका वेळी एकच फोल्डर उघडायचं, कागदांचा क्रम हलवायचा नाही. पहिल्या दिवशी इथल्या ग्रंथालयातल्या ताई नियम समजावून सांगत होत्या आणि मला तुमचंच वाक्य ऐकू येत होतं, "जिथून काढलास, तिथेच ठेव." एका फोल्डरमध्ये कागदाऐवजी नुसतीच यादी निघाली, अमुक अमुक कागद काढून घेतले म्हणून. दिवसभर चुटपुट लागून राहिली. तुम्हाला ती नक्की कळेल.

एक काम आहे. आत्याच्या यजमानांची तेव्हाची पत्रं माळ्यावरच्या ट्रंकेत आहेत ना? त्यांना लावलेलं रबर काढून सुती नाडी बांधा, आणि त्याआधी पाकिटांसकट फोटो काढून पाठवा. शिक्क्यावरची तारीख दिसली पाहिजे.

तुमची,
मीनू