पैसे आहेत रे, आणून देणारं कोणी नाही

प्रिय मित्रा,
सप्रेम सलाम.

तुझं पत्र मिळालं. पाच हजार बाजूला काढलेस आणि कुठल्या संस्थेला पाठवू म्हणून विचारलंस. नावं नंतर कळवतो, पण आधी थोडं ऐक.

आमच्या वाड्यात वरच्या मजल्यावर एक आजी राहतात. आमच्याच चर्चच्या मंडळीतल्या, एकट्या. दोन रविवार उपासनेला दिसल्या नाहीत. मी त्यांच्या जिन्यावरून रोज दोनदा जातो, तरी माझ्या ध्यानात आलं नाही. त्याच दोन रविवारी दानार्पणाच्या थैलीत गरिबांच्या मदतीसाठी म्हणून मी न चुकता नोट टाकली होती. शेवटी बायकोने पेज घेऊन पाठवलं. आजी तापाने फणफणलेल्या, स्टोव्ह गार पडलेला, ताटलीतल्या भाकरीचा तुकडा वाळून वाकडा झालेला. मी खिशात हात घातला, तर त्यांनी उशीखालून घडी घातलेल्या नोटा काढून दाखवल्या. म्हणाल्या, "पैसे आहेत रे, औषध आणून देणारं कोणी नाही."

त्या वाक्याने मला अजून झोप लागू दिलेली नाही.

बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात आहे ना, उघड्या-उपाशी माणसाला नुसतं 'ऊब घे, पोटभर जेव' म्हणून काय उपयोग? इतकी वर्षं मला वाटायचं, हे फक्त बोलघेवड्यांना उद्देशून आहे. थैलीत नोट टाकून पुढे जाणाराही त्यातच येतो हे आता कळलं.

परवा पुण्याजवळच्या केडगावला जाऊन आलो. पंडिता रमाबाईंचं निराधार बायका-मुलींसाठीचं मुक्ती मिशन आपण लहानपणी सहलीत पाहिलं होतं, पण तेव्हा लक्ष सगळं डब्यात. 1896-97च्या दुष्काळात शारदा सदनचं, म्हणजे पुण्यातल्या त्यांच्या विधवांसाठीच्या शाळेचं, ओझं डोक्यावर असताना बाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. कुणाला पाठवून भागवता आलं नसतं का? पण दुष्काळ त्यांनी अंगावर काढला होता. 1870च्या दशकातल्या उपासमारीत आई, वडील आणि बहीण काही महिन्यांत गेली. वडील मोठे शास्त्री, पण हाताने काम करून पोट भरायची घरात कुणाला सवय नव्हती. मला वाटतं, म्हणूनच मुक्तीत नुसतं जेवण वाढून त्या थांबल्या नाहीत. माग आले, तेलाची घाणी आली, छापखाना आला. मूळ हिब्रू-ग्रीकवरून त्यांनी बायबल मराठीत आणलं, त्याच्या छपाईचे खिळे तिथल्याच बायकांनी जुळवले. उपाशी म्हणून आणलेल्या हातांवर एवढा विश्वास टाकायचा! मला तर दया करणंसुद्धा अजून नीट जमत नाही.

तू म्हणशील, सरकार आहे, संस्था आहेत. आहेतच, आणि त्यांना पैसा लागतो. तुझे पाच हजार जरूर पाठव. पण आजींच्या दारात सरकार कसं येणार? तिथे जिना चढून मीच जायला हवं होतं.

आता ताप उतरलाय, पण पायात बळ नाही. मंगळवारी डॉक्टरांकडे न्यायचंय आणि जिना अरुंद आहे. मंगळवारी तुला सुट्टी असते. दोघे असलो तर खुर्चीसकट खाली आणता येईल. नऊपर्यंत ये, चहा इथेच घेऊ.

तुझाच,
मित्र