सक्युलंटना वार ठरवून पाणी नको

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

बेळगाव शहरातल्या खिडक्यांत, बाल्कन्यांत आणि हल्ली वास्तुशांतीच्या आहेरातही जेड, एचेव्हेरिया, हॅवर्थिया ही सक्युलंट, म्हणजे जाड रसदार पानांची झाडे सर्रास दिसतात. विकणारे त्यांच्यासोबत ‘आठवड्यातून दोनदा अर्धा पेला पाणी’ असा ठरीव सल्ला देतात. आपल्याकडच्या पावसाळी हवेत तो अक्षरशः झाडांच्या मुळावर येतो, म्हणून हे पत्र.

गेल्या वर्षी भेट मिळालेले जेड मी त्याच सल्ल्याने सांभाळले. जुलैत सलग आठ दिवस सूर्यदर्शन नव्हते, तेव्हा त्याची खालची पाने उकडल्यासारखी पारदर्शक झाली आणि बोट लागताच गळू लागली. उचकून पाहिले तर चिनीमातीच्या त्या देखण्या कुंडीला तळाशी भोकच नव्हते. आतली प्लास्टिकची कुंडी दोन बोटे पाण्यात उभी होती आणि तपकिरी पडलेल्या मुळांची साल चिमटीत निघून येत होती.

ही झाडे पर्णरंध्रे, म्हणजे पानांवरची सूक्ष्म छिद्रे, प्रामुख्याने रात्रीच्या गारव्यात उघडतात, दिवसा मिटून घेतात आणि पाण्याचा साठा पानांत ठेवतात. त्यामुळे त्यांना पाणी कमी लागते. मुळांना मात्र हवा हवीच असते आणि सतत ओल्या मातीत ती मिळत नाही. मार्च-एप्रिलमध्ये आठवड्यात सुकणारी माझी कुंडी पावसाळ्यात तीन आठवडे ओलसर राहते, आणि खानापूरकडे तर पाऊस याहूनही जास्त. मग वार ठरवून पाणी घालण्यात काय अर्थ?

मी आता अगरबत्तीची जळून उरलेली काडी कुंडीत तळापर्यंत खुपसते. ती कोरडी निघाली तरच, भोकातून वाहेपर्यंत भरपूर पाणी घालते आणि ताटलीत साचलेले लगेच ओतून टाकते. रोज घोटभर पाणी दिल्याने वरचा थर तेवढा भिजतो. फवारा तर नकोच, कारण एचेव्हेरियाच्या पानांच्या गाभ्यात थेंब अडकून तिथेच कूज धरते. तळाशी खड्यांचा थर दिला की निचरा होतो, ही समजूतही फसवी आहे. बारीक मातीतले पाणी ती पूर्ण भिजल्याशिवाय खड्यांत उतरत नाही. त्यापेक्षा मातीतच निम्मी जाड वाळू किंवा विटांचा चुरा मिसळावा. सुरकुतलेली पाने पाहून लगेच तांब्या उचलू नये, हे मला उशिरा कळले. माती कोरडी असेल तर ती तहान, ओली असेल तर मुळे कुजल्यामुळे झाड पाणी ओढू शकत नाही.

विक्रेत्यांनी निदान बिनभोकाच्या कुंड्यांत ही झाडे लावून देऊ नयेत, आणि आपल्या पुरवणीत जूनच्या आधी यावर एखादा लेख यावा, एवढी विनंती. त्या जेडचा शेंडा कापून चार दिवस सावलीत सुकवून कोरड्या मातीत खोचला होता. त्याला आता नवी पाने आली आहेत.

आपली,
एक वाचक
टिळकवाडी, बेळगाव