एका वलयातले दोन कंगवे

महोदय,

जॉन हॉल आणि थिओडोर हेन्श यांना २००५ साली ज्या कामासाठी नोबेल मिळाले, त्या प्रकाशाच्या ‘फ्रिक्वेन्सी कोम्ब’बद्दल (कंगव्याच्या दातांसारख्या समान अंतरावरच्या अनेक वारंवारता असलेल्या लेसर-प्रकाशाबद्दल) मराठीत फारच थोडे लिहिले जाते. वायूंच्या परीक्षणाच्या एका पद्धतीत असे दोन कोम्ब लागतात, आणि दोन स्वतंत्र लेसर एकमेकांशी जुळते ठेवणे खर्चिक ठरते. अर्बियम हे मूलद्रव्य मिसळलेल्या प्रकाशतंतूच्या एकाच वलयात परस्परविरुद्ध दिशांनी प्रकाशाचे स्पंद फिरवून दोन्ही कोम्ब मिळवले, तर तापमानातील बदलांचा आणि कंपनांचा परिणाम दोन्हींवर जवळपास सारखा होतो व दोन्हींमधला फरक मोजताना बराचसा निघून जातो. मात्र दोन्ही स्पंद एकाच प्रवर्धकातील (प्रकाश वाढवणाऱ्या भागातील) ऊर्जेसाठी झगडतात, आणि जोडांवरून मागे फिरणारा किंचित प्रकाशही त्यांची लय बिघडवतो. म्हणून प्रत्येक दिशेला स्वतंत्र संपृक्तनशील शोषक (मंद प्रकाश शोषून तीव्र प्रकाश जाऊ देणारा घटक) आणि तिरके कापलेले जोड, याकडे आपल्या प्रयोगशाळांनी आराखड्यापासूनच लक्ष द्यावे, असे मला कळकळीने वाटते.

आपला,
एक भौतिकशास्त्र शिक्षक, पुणे