थायरॉईडच्या डब्या आणि सकाळचा चहा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

खानापूर-बेळगाव भागातल्या मंगल कार्यालयांतून हल्ली 'थायरॉईड मुळापासून बरा' अशी शिबिरं भरतात. वजन फुकट, गळा चाचपून बघणं फुकट, आणि बाहेर पडताना हातात दीड-दोन हजारांची डबी. जाहिराती मराठी वर्तमानपत्रांतूनच येतात, म्हणून हे पत्र आपल्याला. माझं खानापुरात औषधाचं दुकान आहे. अशा डब्या मलाही ठेवता येतील, आणि थायरॉईड मंदावला की डॉक्टर देतात त्या थायरॉक्सिनच्या गोळीपेक्षा त्यात कितीतरी जास्त सुटतं. गोळीची किंमत सरकारने बांधून दिलेली आहे, त्यात दुकानदाराला काय उरणार? तेव्हा धंद्याच्या पोटदुखीने लिहिते असं कुणी समजू नये.

परवा एक बाई अशी डबी घेऊन आल्या. "गोळी सोडून हेच घेतलं तर चालतंय काय ओ?" डबी फिरवून वाचली. समुद्री शेवाळाचा अर्क, म्हणजे आयोडीन. सेलेनियम, जस्त, अश्वगंधा. आणि तळाशी मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत 'औषधी वापरासाठी नाही'. हे छापणं अशा मालाला कायद्यानेच बंधनकारक आहे. शिबिरात माईकवरून बरं करण्याची हमी आणि डबीवर हे!

आयोडीनचंच बघा. मोठ्या माणसाला रोज १५० मायक्रोग्रॅम पुरतं. आयोडीनयुक्त मिठात घरी पोहोचेपर्यंत ग्रॅममागे निदान १५ मायक्रोग्रॅम असावं असा नियम आहे. आपल्याकडे माणूस दिवसाला दहाएक ग्रॅम मीठ सहज खातो. करा गुणाकार. शिजवताना थोडं उडून जातं, पण दूध, दही, अंडी, मासळी यांतूनही मिळतंच. एके काळी हिमालयाच्या पायथ्याला आयोडीन न मिळाल्याने गावंच्या गावं गलगंडाने, म्हणजे गळ्यातली थायरॉईड ग्रंथी फुगण्याने, ग्रासलेली होती, म्हणून सरकारने १९६२ मध्ये कार्यक्रम सुरू केला आणि मिठाने काम केलं. आज आयोडीनचं मीठ खाणाऱ्या घरात थायरॉईड मंदावतो तो बहुतेक वेळा शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती त्या ग्रंथीवर उठते म्हणून. तिथे वरून आणखी आयोडीन ओतलं तर ग्रंथी सुधारत नाही, उलट काहींचा त्रास वाढतो. हा, उपवासाला म्हणून आणलेलं सैंधव किंवा चोर्ल्याच्या घाटातून येणारं गोव्याचं खडे मीठ बाराही महिने वापरणारी घरं आमच्याकडे आहेत. त्यांनी डबी नको, मिठाची पिशवी बदलावी.

अश्वगंधेबद्दल बोललं की वैद्यमंडळी रागावतात. पण तिने काहींच्या रक्तातलं थायरॉईडचं प्रमाण वाढतं, हे नोंदलेलं आहे. आधीच गोळी चालू असलेल्या बाईने ती वर घेतली आणि छातीत धडधडायला लागलं, तर दोष कुणाचा? अमेरिकेत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत थायरॉईडसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या १० डब्यांपैकी ९ मध्ये टी-३ हे थायरॉईडचं संप्रेरकच सापडलं होतं. अशी डबी घेऊन चार दिवस हुशारी वाटली तर त्यात नवल नाही.

पण खरं सांगू का, मला जास्त काळजी वाटते ती साध्यासुध्या, डॉक्टरांनीच दिलेल्या गोळ्यांची. जांबोटीकडची एक सून आमच्याकडे येते, सहावा महिना. थायरॉईडची गोळी, सरकारी दवाखान्यातून मिळालेली लोहाची गोळी आणि कॅल्शियम, तिन्ही एकाच पिशवीत. तिन्हींवर 'सकाळी' लिहिलेलं. ती तिन्ही एकदम चहाबरोबर गिळायची. लोह आणि कॅल्शियम थायरॉक्सिनला आतड्यातच धरून ठेवतात, रक्तात जाऊ देत नाहीत. चहा-कॉफीही आड येते. मग टीएसएच, म्हणजे थायरॉईड कमी पडला की रक्तात वाढणारं संप्रेरक, काही उतरेना, म्हणून डोस ५० मायक्रोग्रॅमचा ७५, ७५ चा १००. गरोदरपणात डोस बहुधा वाढवावा लागतोच, पण इथे निम्मी गोळी वाया चालली होती की काय, हे कुणी विचारलंच नव्हतं. तिला सांगितलं, उठल्याबरोबर नुसत्या पाण्याबरोबर थायरॉईडची गोळी, अर्धा-पाऊण तासाने चहा, लोह-कॅल्शियम निदान चार तासांनी. सासूबाई म्हणाल्या, "तेवढा वेळ कुठला ओ, पहाटे म्हशी असत्यात." मग रात्री जेवणानंतर तीन तासांनी घेतली तरी चालते, डॉक्टरांना विचारून तशी वेळ ठरवा, म्हटलं. डोस बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी रक्त तपासायचं. गरोदर बाईचं त्याहून लवकर.

शहरातल्या मुलींचं वेगळंच. केस गळतात म्हणून बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या नाहीतर चघळायच्या गोड वड्या. दिवसाची गरज साधारण ३० मायक्रोग्रॅम, गोळीत ५ ते १० हजार. त्याने काही यंत्रांवर टीएसएच खोटंच कमी आणि टी-४, म्हणजे थायरॉक्सिन, खोटंच जास्त दिसतं. एका शिक्षिकेचा असाच रिपोर्ट बघून तिची गोळी कमी होणार होती. सुदैवाने डॉक्टरांनी 'आणखी काय घेता' विचारलं. रक्त द्यायच्या निदान दोन दिवस आधी बायोटिन बंद ठेवा, आणि घेत असाल तर सांगा.

आता सीमाभागाचं म्हणून एक. दवाखान्याचा कागद इंग्रजीत, सरकारी कार्ड कन्नडमध्ये, गोळीच्या बाटलीवर इंग्रजी. आमच्या गिऱ्हाईक बायका मराठी वाचतात. त्यांना समजेल अशा भाषेत, मोठ्या अक्षरांत, प्रेमाने बोलणारा कागद एकच, तो म्हणजे शिबिराचं पत्रक. मग विश्वास कुणावर बसणार? मी आता बाटलीवर मराठीत चिठ्ठी चिकटवते: 'उपाशीपोटी. चहा नंतर. लोहाची गोळी दुपारी.' तालुका दवाखान्यात आणि आरोग्य उपकेंद्रांत कन्नडबरोबर मराठीतही एवढं लिहून लावायला काय अडचण आहे, हे आरोग्य खात्याने सांगावं.

आणि आपल्याकडे एक मागणं. औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींबद्दलचा १९५४ चा कायदा आहे. जे रोग बरे करतो अशी जाहिरात करता येत नाही, त्यांच्या यादीत गलगंडाचं नाव आहे. जाहिरात विभागाने ती यादी एकदा समोर ठेवावी. आणि त्याच पानावर अधूनमधून चार ओळी गोळी कशी घ्यायची याच्या छापाव्यात, मजकूर मी फुकट लिहून देते.

आपली,
एक औषधविक्रेती, खानापूर

ता. क. थायरॉईड आहे म्हणून कोबी सोडलेल्या बायका मला रोज भेटतात, त्यांतल्या काहींच्या तर शेतातच कोबी आहे. शिजवलेली कोबीची भाजी जेवणात नेहमीसारखी खायला काही हरकत नाही.