देखावा उठल्यावर मागं काय राहते?

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या महिन्यात पोरीच्या ॲडमिशनसाठी नागपूरला गेलो होतो, तिथं आर्किटेक्चरच्या पोट्ट्यांचं प्रदर्शन होतं, ऊन लागत होतं म्हणून आत शिरलो. बांबूची मोठी कमान केली होती, खाली खरंच गार वाटत होतं आन् बाजूला बोर्ड, 'ग्रामीण भागासाठी निवारा'. एकाला विचारलं, बाबू, हे कोणत्या गावात नेणार? तो म्हणे काका, रविवारी खोलून टाकू.

पोराचा दोष नाही, काम झकास होतं. पण आमच्या फाट्यावरचा प्रवासी निवारा पाहा, वर टिन आन् तोंड नेमकं पश्चिमेला, मे महिन्यात दुपारी 3 वाजता ऊन सरळ आत, बायामाणसं सोडा बकऱ्यासुद्धा बसत नाहीत, सगळे बाजूच्या निंबाखाली. कोणाच्या निधीतून झाला ते मात्र लांबून वाचता येते.

आम्हीही काही कमी नाही म्हणा. थर्माकोलबंदी 2018 ला आली, त्याच्या आधी आमच्या गणेश मंडळानं शेतकरी आत्महत्येवर देखावा केला होता, थर्माकोलचंच वावर, थर्माकोलचीच बैलजोडी, पहिलं बक्षीस भेटलं. ज्या घरावर तो प्रसंग आला होता त्या घरच्या बाईला पुढं बसवून शालबिल दिली, पण तिच्या घराचे कवेलू फेरायचे राहिले होते ते कोणी फेरले नाहीत, मीही नाही. विसर्जनानंतर वावर अन् बैल दोन्ही नाल्यात.

अमेरिकेत कॅनस्ट्रक्शन म्हणून स्पर्धा असते, 1992 पासूनची, आर्किटेक्ट-इंजिनीअर लोक खाण्याच्या भरलेल्या डब्यांचे मोठे देखावे रचतात, लोकांचं पाहून झालं की डबे फूड बँकेला, म्हणजे गरजूंच्या घरी. वाचलं तेव्हा गाडगेबाबाच आठवले, आपल्याच अमरावती जिल्ह्यातले, दिवसा खराटा, रात्री कीर्तन, आन् लोकांनी दिलेल्या पैशातून पंढरपूर-नाशिकला धर्मशाळा. पाणी फाउंडेशनची गावागावात पाणी अडवायची स्पर्धा होती, वॉटर कप, तिच्या पहिल्या वर्षी, 2016 ला, वरुड तालुक्यातल्या लोकांनीही स्पर्धेसाठीच कुदळ-फावडं धरलं, पण खोदलेले चर वावरातच राहिले ना.

म्हणून म्हणतो, पुढचं प्रदर्शन शहरातल्या हॉलमध्ये काहून, आमच्या फाट्यावर भरवा. हॉलच्या भाड्यात, मंडपात जो पैसा जाते तो एका निवाऱ्याला लावा. पश्चिमेची बाजू बंद, यष्टी येते तिकडून उघडा, भिंत मातीची जाड, वर कवेलू. नवीन काही नाही यात, गांधीजी 1936 ला सेवाग्रामला (तेव्हा शेगाव) आले, तिथल्या माती-बांबूच्या कुट्या आजही उभ्या आहेत, पोट्ट्यांनी आधी तिथं दुपारी बसून यावं. बांबूला घुण लागते, बोरॅक्स आन् बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवला तर टिकते, ते कॉलेजवाल्यांनी शिकवावं, बांधणी आमचे बुरड शिकवतील, त्यांच्यासारखी गाठ प्रदर्शनात एकाही जागी दिसली नाही मले.

जागा रस्त्याची, त्यामुळं ग्रामपंचायतीचा ठराव आन् बांधकाम विभागाची परवानगी लागेल, त्याच्यामागं फिरायची माझी तयारी आहे. पोट्ट्यांच्या राहण्याची सोय शाळेत होते, जेवण घरोघरी लावून देऊ. फक्त मृगाच्या आधी या, नंतर पेरणी लागली की गावात माणूस भेटत नाही.

आपला,
एक कास्तकार वाचक, जि. वर्धा