ट्रक 11,200 पाउंड ओढतो, फक्त माझ्या घरच्यांना घरी ठेवून

प्रति,
जनरल मॅनेजर, विक्री विभाग,
ह्यूस्टन

विषय: पेलोड (ट्रकने स्वतःच्या अंगावर घ्यायचं वजन) लपवून विकलेला हाफ-टन, म्हणजे हलक्या वर्गातला, पिकअप

इंग्रजीतल्या मेलना तुमच्याकडून "तुमचा अनुभव आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" एवढंच यंत्रवत उत्तर येतं. मंडळाच्या गणेशोत्सव स्मरणिकेत मात्र तुमची पानभर जाहिरात मराठीत असते: आपल्या माणसाचा भरवसा. म्हणून हे पत्र मराठीत. भरवशाबद्दलच आहे.

ट्रक घेण्याआधी मी तुमच्या सेल्समनला लेखी कळवलं होतं: ट्रेलर भरल्यावर 7,300 पाउंड, आम्ही घरचे चौघे, त्यात माझी आई. त्याने उत्तर दिलं, "ट्रक 11,200 ओढतो, अजून जवळजवळ चार हजार शिल्लक." तो मेल माझ्याकडे आहे. ही वजाबाकी तुमच्याकडे शिकवून करून घेतात की मुलं आपापल्या हुशारीने करतात?

ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावर तुमच्याच कंपनीचं स्टिकर आहे. माणसं आणि सामान मिळून 1,420 पाउंडांच्या वर कधीही जाऊ नये, असं त्यावर छापलंय. ट्रेलरचं टंग वेट, म्हणजे त्याच्या पुढच्या टोकाचा ट्रकवर पडणारा भार, ट्रेलरच्या वजनाच्या 13 टक्क्यांनी साधारण 950. आम्ही चौघे 620. हिच (ट्रेलर जोडायचा सांधा) 90. मागे जनरेटर आणि कूलर 180. झाले 1,840. ओढायची ताकद संपायच्या कितीतरी आधी पेलोड संपतो, हे तुम्हाला मी सांगायची गरज नसावी. 11,200 हा आकडा ओढायची ताकद मोजायच्या ज्या एसएई जे2807 या प्रमाणित पद्धतीने काढतात, त्यात प्रत्येकी 150 पाउंडांचे दोनच जण गाडीत धरतात आणि टंग वेट 10 टक्के. ब्रोशरमध्ये हे तळटिपेत, मुंगीच्या अक्षरात. आमच्या घरात माणसं चार आहेत, आणि 150 पाउंडांचा तर मी कॉलेजात होतो.

केरव्हिलच्या पुढे आय-10 महामार्गावर वेगमर्यादा ताशी 80 मैल आहे. मी 62 ने चाललो होतो. शेजारून अठरा चाकी गेला आणि ट्रेलर शेपटी हलवू लागला. स्टिअरिंग हलकं, पुढचं नाक वर. आईने मागच्या सीटवर रामरक्षा सुरू केली. पुढच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केलवर, म्हणजे ट्रक तोलायच्या काट्यावर, वजन केलं. ट्रेलरचा भार सगळ्या ॲक्सलवर वाटणारा हिच नीट ताणून बसवलेला असूनही मागच्या ॲक्सलवर 4,120, मर्यादा 3,800. ट्रकचं एकूण 7,400, मर्यादा 7,050. ट्रक आणि ट्रेलरच्या एकत्रित वजनाची मर्यादा मात्र अजून कितीतरी लांब होती. म्हणजे तुमची जाहिरात खरी आणि माझा ट्रक ओव्हरलोड, दोन्ही एकाच वेळी.

आता तुमच्या सेल्स मॅनेजरशी झालेलं संभाषण. शब्द जसेच्या तसे लिहितो, कारण फोन ठेवल्या ठेवल्या मी ते टिपून ठेवले.

"काका, ट्रक ओढतो की नाही ते सांगा."

ओढतो, म्हटलं. थांबतो का, वळतो का, तेही विचारा.

"टेक्सासमध्ये सगळे असेच ओढतात. तुम्ही इंजिनिअर का? इंजिनिअर लोकांना आकड्यांचा फार त्रास होतो."

मी स्टिकर वाचून दाखवलं. मग म्हणाला, "मागे एअरबॅग बसवून घ्या, 900 डॉलरमध्ये करून देतो." एअरबॅग म्हणजे मागच्या सस्पेन्शनला टेकू देणारी हवेची पिशवी. मी विचारलं, त्याने स्टिकरवरचा 1,420 बदलेल का? फोनवर शांतता. पाठीमागे कुणीतरी कॉफीचं मशीन चालवत होतं. मग तो जे बोलला ते तुम्ही बसून वाचावं:

"असं करा ना काका, वहिनी, आजी आणि मुलाला मागून दुसऱ्या गाडीने येऊ द्या."

वा. पंचावन्न हजार डॉलरचा, मागे तिघांना ऐसपैस जागा असलेला क्रू कॅब विकायचा, आणि आत माणसं बसवू नका म्हणायचं. मग मागची सीट कशासाठी आहे, कोट ठेवायला? एअरबॅगने ट्रकची पाठ सरळ दिसते. ॲक्सल, ब्रेक, टायर तेच राहतात आणि मर्यादाही तीच राहते. हे तुमच्या मॅनेजरला ठाऊक नसेल तर ती खुर्ची त्याची नाही. ठाऊक असून 900 डॉलर मागत असेल तर त्याला काय म्हणतात ते मी इथे लिहीत नाही, कारण हे पत्र मंडळातही वाचलं जाणार आहे. म्हाताऱ्या बाईने दुसऱ्या गाडीने यायचं! माझ्या आईने तुमच्या शोरूममध्ये या ट्रकला हळदकुंकू वाहिलं होतं, तुमच्या माणसाने त्याचा फोटो काढून फेसबुकवर टाकला होता. तो फोटो आजच काढा.

मागणी साधी आहे. हा ट्रक विकत घेतलेल्या किमतीत परत घ्या आणि त्याच कंपनीचा, वरच्या वर्गातला पाऊण टनी द्या, स्टिकरवर किमान 2,300 पाउंड पेलोड असलेला. किमतीतला रास्त फरक मी भरेन. 'टोइंग पॅकेज'चे पैसे मात्र परत हवेत.

टेक्सासच्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे दावा लावण्याआधी 60 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. तिची इंग्रजी प्रत सर्टिफाइड टपालाने वेगळी येत आहे. ॲटर्नी जनरलच्या कार्यालयाकडे तक्रारही जाईल.

वजनाच्या पावत्या, स्टिकरचा फोटो आणि सेल्समनचा मेल सोबत जोडला आहे. उत्तर लेखी द्यावे. फोन करू नये, आणि त्या मॅनेजरकडून तर मुळीच नको.

तुमचा (अजून तरी) ग्राहक